टबाबाहेर एकही दिसता कामा नये

शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीच्या गुजराती सेक्रेटरींनी मानसिंगराव मोहित्यांच्या दारावर नोटीस चिकटवली. रविवारी सकाळी नऊ वाजता बाल्कनीची पाहणी होईल. टबाबाहेर एकही जीवडुं दिसलं तर टब त्याच दिवशी सोसायटीबाहेर जाईल. मानसिंगरावांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, खिशातलं पेन काढलं, 'जीवडुं' खोडून 'गांडूळ' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"दुसऱ्याच्या नोटिशीवर सही कशाला करता?" येसूबाईंनी विचारलं.

"चूक दुरुस्त केली. जीवडुं म्हटलं की त्यात झुरळही आलं. आपल्याकडे झुरळं नाहीत."

मानसिंगराव मार्चमध्ये रिफायनरीतून निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षं त्यांनी सेफ्टी खात्यात काढली. कुठल्या पाइपातून काय गळतंय, हे ते लांबून नुसतं हुंगून सांगत. हाताखाली चाळीस जण होते, पण त्यांना ते कधी स्टाफ म्हणाले नाहीत. 'माझी माणसं' म्हणत. पणजोबा संस्थानच्या पागेत होते, त्यामुळे माणसं सांभाळणं रक्तातच आहे, असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतर मात्र घरात पाण्याची मोटर कधी लावायची हेसुद्धा सून राजेश्वरी ठरवू लागली. जुन्या ऑफिसात फोन केला तर तिकडून "साहेब, नंतर बोलू" असं उत्तर यायचं. तीन महिने हे सोसल्यावर गांडूळखताची एक पुस्तिका त्यांच्या हाती लागली आणि डोक्यात किडा शिरला.

आठवड्याभरात मांजलपूरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत निळा टब आला, टबात दोन हजार गांडुळं आली आणि भिंतीवर वेळापत्रक आलं. राजेश्वरी त्यांना 'किडे' म्हणायची. शाळेत जंताच्या गोळ्या घेतलेला नातू हेरंब 'जंत' म्हणायचा. मुलगा राजवर्धन म्हणाला, "वर्म म्हटलं की मला ऑफिसातले बंद पडलेले कॉम्प्युटर आठवतात." खुद्द मानसिंगरावांनी नोकरीभर 'गांडूळ' हा शब्द कणा नसलेल्या कंत्राटदारांसाठी राखून ठेवला होता. आता तो शिवीसारखा वापरायला त्यांनी घरात बंदी घातली.

शनिवारी सकाळपासून तयारी सुरू झाली. टबाचं झाकण घट्ट बसलं, कडेला पट्टी लागली. पाहणीच्या वेळी वास येऊ नये म्हणून मानसिंगरावांनी चोवीस तासांचा उपास जाहीर केला.

"कुणाला?" येसूबाईंनी विचारलं.

"त्यांना. नुसतं पाणी शिंपडायचं."

येसूबाईंच्या माहेरी पाहुण्यांच्या ड्रायव्हरलाही जेवल्याशिवाय जाऊ देत नसत. सासरी येऊन चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला उपाशी झोपवलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी राजवर्धन सगळ्यांसाठी सेवउसळ घेऊन आला. सगळी जेवली, तरीही भांडंभर उरली. येसूबाईंनी बाल्कनीकडे पाहिलं आणि त्यांचा जीव कळवळला. मानसिंगराव आत बातम्या ऐकत होते. येसूबाईंनी झाकण उघडलं, उसळ ओतली, वर लाल तर्री घातली, लिंबू पिळलं आणि शेवटी मूठभर शेव पसरली. कोरडी उसळ वाढण्याची त्यांच्या घरात रीतच नव्हती.

रविवारी सकाळी सहा वाजता मानसिंगरावांनी झाकण उघडलं. आत ओली माती होती, मातीवर तेलाचा लाल तवंग होता आणि एकही गांडूळ नव्हतं.

"येसू," त्यांनी शांतपणे हाक मारली. "काल यांना काय वाढलंस?"

"आपण जे जेवलो तेच. वेगळं कशाला करू?"

"तर्री घातलीस?"

"थोडीच. तुम्ही तर तीन वाट्या घेतल्या."

रागवायला वेळ नव्हता. राजवर्धनला आणि राजेश्वरीला उठवलं गेलं. अंघोळीचे मग, चहाचे चमचे, जे हाती येईल ते घेऊन सगळे बाल्कनीत उकिडवे बसले. कुंड्यांखाली पाचपन्नास सापडली, पायपुसण्याखाली आणखी तेवढीच. बाकीच्यांची ओली वाट टबाच्या तळाच्या भोकातून निघून पावसाच्या पाण्याच्या नळीत शिरत होती. ती नळी खालच्या बाल्कनीत उघडायची आणि खालची बाल्कनी सेक्रेटरी हार्दिकभाई शहांची होती.

"गळती," मानसिंगराव म्हणाले. बत्तीस वर्षांत त्यांच्या हद्दीत ही पहिलीच.

"पप्पा, खाली जाऊन सांगून टाकू या," राजवर्धन म्हणाला.

"नऊला अजून सव्वादोन तास आहेत."

मानसिंगरावांनी बादलीत कलिंगडाच्या साली भरल्या, कडीला दोरी बांधली आणि बादली हळूच खाली सोडली. गांडुळं सालींवर चढली की वर ओढायची, असा बेत होता. दहा मिनिटं सगळे श्वास रोखून उभे राहिले. मग दोरीला खालून दोन हिसके बसले.

"इतक्या लवकर?" येसूबाई कुजबुजल्या.

"मानसिंगभाई," खालून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "साली नको पाठवू, माणसं पाठव."

हार्दिकभाईंच्या आई हंसाबेन मांडवीत मराठी शेजारात वाढलेल्या होत्या, म्हणून त्यांचं मराठी असं निम्मं गुजराती. मोहित्यांची वरात जिना उतरून गेली. हंसाबेन बाल्कनीच्या मधोमध उभ्या होत्या आणि घडी केलेल्या वर्तमानपत्रानं साळुंक्या हाकलत होत्या. याच साळुंक्यांना त्या वीस वर्षं रोज सकाळी दाणे घालत आल्या होत्या. कठड्यावर बसलेल्या साळुंक्यांचा या बदललेल्या वागणुकीवर विश्वास बसत नव्हता. कोपऱ्यात हार्दिकभाई एका पायावर उभे होते, कारण दुसरा पाय टेकवायला जागा उरली नव्हती. त्यांच्या हातात झाडू होता, पण तो उचलायची परवानगी त्यांना नव्हती.

"पग जोईने मूकजो, पाय बघून ठेवा," हंसाबेन सगळ्यांना म्हणाल्या. "एक पण मरायला नाही पाहिजे. हार्दिक, झाडू ठेव अने नीचे बस."

"बा, नऊ वाजता पाहणी आहे."

"पाहणी चालूच आहे ना. बस."

सेक्रेटरी बसले. पुढचा दीड तास दोन कुटुंबं गुडघ्यांवर होती. कागदाचा तुकडा गांडुळाखाली सरकवायचा आणि अलगद बादलीत उतरवायचं, ही पद्धत मानसिंगरावांनी शिकवली. हार्दिकभाईंना ती जमेना, म्हणून त्यांनी तीन वेळा करून दाखवली. तुळशीच्या कुंडीतून, चपलांतून, पूजेच्या फुलांच्या परडीतून गांडुळं निघत होती. साडेआठला फरशी रिकामी झाली आणि बादली भरली.

मानसिंगरावांनी गुडघे झटकले. बादलीतल्या त्या गुंत्याकडे पाहताना त्यांना वाईट वाटत होतं आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. पण नियम म्हणजे नियम. तो आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना लावला होता.

"हार्दिकभाई, वर यायची गरज नाही," ते म्हणाले. "चूक माझ्या हद्दीत झाली. टब आजच नर्सरीत देऊन टाकतो."

हार्दिकभाईंनी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत हंसाबेननी विचारलं, "नर्सरीवाळो त्याचं काय करणार?"

"विकेल."

"कोणाला?"

मानसिंगरावांना खोटं बोलता येत नसे. "बागवाल्यांना. कधी तळ्यावर गळ टाकायला जाणाऱ्यांनाही."

हंसाबेननी बादलीवर हात ठेवला.

"घरात आणलेल्या जीवांना असं बाहेर काढतात? एक पण जाणार नाही. हार्दिक, नोटिस फाडी नाख."

"पण बा, कमिटी..."

"कमिटीला मी बोलेन."

नंतर हंसाबेन स्वतः तीन विश्रांत्या घेत जिना चढल्या, धुतलेल्या टबात नवी माती भरून घेतली आणि खुर्चीवर बसून अटी सांगितल्या. तिखट नाही, तेल नाही. कांदा, लसूण, बटाटा यांच्या सालीसुद्धा नाहीत. जेवण सूर्यास्ताच्या आत. तळाच्या भोकाला जाळी. रोज सकाळी नऊला त्या येऊन पाहतील आणि वहीत लिहून ठेवलेलं त्यांना दिसलं पाहिजे.

"वही?" मानसिंगरावांनी विचारलं.

"हा. तारीख, जेवण, तब्येत. अने नीचे सही."

मानसिंगरावांनी कपाटातून कोरी वही काढली, पट्टीनं चार रकाने आखले आणि चौथ्यावर 'सही' असं ठळक लिहिलं. येसूबाईंना त्यांचा चेहरा मार्चनंतर पहिल्यांदा असा दिसला.

बुधवारी संध्याकाळी सहाला फोन वाजला. रिफायनरीतले जुने सहकारी जयवंतराव होते.

"मानसिंगराव, कमाटीबागेत सगळे जमलोय. तुम्हीही या."

"आत्ता नाही जमणार," मानसिंगराव खांद्यानं फोन कानाशी धरून दुधीच्या साली बारीक चिरत म्हणाले. मावळतीकडे त्यांनी एक नजर टाकली. "सूर्यास्ताच्या आत जेवण व्हायला हवं."

"तुम्ही कधीपासून सूर्यास्ताच्या आत जेवायला लागलात?"

"मी नाही, जयवंतराव," मानसिंगरावांनी झाकण उघडलं. "माझी माणसं."