सासूबाईंचा दुसऱ्या खंडातला मृत्यू

सातवा आणि शेवटचा खंड छापायला देऊन चार महिने झाले होते आणि या चार महिन्यांत राक्षसवाल्यांनी स्वयंपाकघरातल्या एकूण एक बरणीला लेबल लावलं होतं. साधंसुधं लेबल नव्हे. ‘साखर. दुसरी फळी, डावीकडून तिसरी. हिच्या मागे चहा.’ अकरा वर्षं नसलेल्या राज्यांचे नकाशे आणि नसलेल्या राजांच्या वंशावळी सांभाळलेला माणूस. हाताला दुसरं वळणच नव्हतं. इमारतीत त्यांना खऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. राक्षसांच्या आणि जादूगारांच्या कादंबऱ्या लिहितात म्हणून राक्षसवाले, आणि तेही आता त्या हाकेला निमूटपणे ओ देत.

“अहो, फ्रीजला तरी लेबल नका लावू,” बायको म्हणाली. “तो फ्रीज आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.”

“मग करू काय?”

“लिहा की!”

नेमकं तेच होत नव्हतं. रोज सकाळी दहाला ते टेबलाशी बसत, पेन्सिलींना टोक काढत आणि बाराला टोकदार पेन्सिली जागेवर ठेवून उठत. अकरा वर्षं डोक्यात नांदणारं बिऱ्हाड उठून गेलं होतं आणि मागे नुसत्या भिंती राहिल्या होत्या. आपल्याजवळ होतं नव्हतं ते सात खंडांतच संपलं, ही भीती त्यांनी कोणाला बोलून दाखवली नव्हती. बायकोला ती लेबलांवरून कळली होती. त्यात प्रकाशकाचा फोन आला.

“शनिवारी सकाळी येतो. नव्या मालिकेचा आराखडा दाखवा. नसला तर नसला, पण मग यादीतली तुमची जागा मी दुसऱ्या कोणाला देणार. राग मानू नका.”

राग मानायलाही काहीतरी सुचावं लागतं. राक्षसवाले “बरं” म्हणाले आणि उरलेल्या बरण्यांकडे वळले. मंगळवारी मिठाच्या बरणीत दमट हवेने घट्ट बसलेलं एक ढेकूळ त्यांना दिसलं, बुरुजासारखं. ते त्याच्याकडे बघतच राहिले. मिठाचा किल्ला! दरवर्षी थोडाथोडा विरघळणारा. आत एकच राजघराणं, दरवर्षी एकेक खोली कमी होणारी, आणि उरलेल्या खोल्यांसाठी भाऊबंदकी! त्या दिवशी बायकोने जेवायला तीनदा हाक मारली आणि तिन्ही वेळा उत्तर आलं नाही, तेव्हा तिला चार महिन्यांत पहिल्यांदा हायसं वाटलं.

आता राक्षसवाल्यांची कामाची एक रीत होती. पात्रांची नावं ते सगळ्यात शेवटी ठरवत, कारण एकदा नावांच्या नादी लागलं की महिना हातातून गेलाच म्हणून समजा. तोपर्यंत पात्राच्या जागी ओळखीचा माणूस घालायचा आणि पुढे जायचं. पहिली मालिका लिहिली तेव्हा ते नोकरीत होते, म्हणून सगळं ऑफिस त्यांनी कामाला लावलं होतं. त्यांचे हेडक्लार्क सहा खंड नरभक्षक होते आणि त्यांना पत्ता न लागता सुखाने निवृत्त झाले. पण नोकरी सोडल्यावर ओळखीची माणसं उरली ती नात्यातलीच. तेव्हा बुधवारी अभ्यासिकेच्या भिंतीवर जे सात मोठे कागद लागले, त्यांत राजमातेच्या जागी ‘सासूबाई’ होतं, सेनापतीच्या जागी ‘मेहुणा’ आणि कोठाराच्या मालकिणीच्या जागी ‘थोरली आत्या’. ज्याला मारायचं त्याच्यापुढे लाल शाई.

गुरुवारी सासूबाई आठ दिवसांसाठी आल्या. छत्तीस वर्षं शाळेत घालवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई. नुकताच मोतीबिंदू काढला होता, त्यामुळे दिसेल ते वाचत सुटल्या होत्या. बरण्या त्यांनी दहा मिनिटांत संपवल्या आणि वाचायला काही राहिलं नाही म्हणून अभ्यासिकेत शिरल्या.

“जावईबापू, जरा इकडे या.”

राक्षसवाले आले. सासूबाईंचं बोट दुसऱ्या कागदावर होतं.

“‘सासूबाई जिन्यावरून घसरून मरतात. सर्वांना सुटल्यासारखं वाटतं.’ हे काय आहे?”

“आई, ते... त्या तुम्ही नाही. ती राजमाता आहे.”

“मग राजमाता लिहायला शाई संपली होती का?”

“तसं नाही, ती माझी पद्धत आहे. तुम्ही फक्त जागा धरून बसला आहात.”

“हो, आणि घसरते आहे.” सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. “मरायचं मला काही नाही हो. आज ना उद्या सगळ्यांनाच जायचंय. पण जिन्यावरून? अडीच हजार पोरं माझ्या एका नजरेने गप्प बसायची आणि मी घसरून मरू? लढाईबिढाई काही नाही तुमच्याकडे?”

“पाचव्या खंडात आहे एक,” राक्षसवाले म्हणाले, आणि इथेच त्यांचं चुकलं. सासूबाईंना त्यांनी पाचव्या खंडात हलवलं, हाताखाली चारशे घोडेस्वार दिले. त्या खूश झाल्या. पण दुसऱ्या खंडात कोणीतरी मेल्याशिवाय पुढचं युद्ध पेटत नव्हतं. म्हणून त्यांनी लाल शाई मेहुण्याकडे फिरवली. सासूबाई मागे उभ्या होत्याच. तासाभरात फोन वाजला.

“भाऊजी, मी तुमचं काय घोडं मारलं? आईला चारशे घोडेस्वार आणि मला विष?”

“अरे, गोष्ट आहे ती.”

“तुमच्यासाठी गोष्ट! माझी पोरं तुमची पुस्तकं वाचतात. शाळेत काय सांगतील, बाबा दुसऱ्या खंडात विष पिऊन आडवे झाले?”

मेहुण्याला जीवदान मिळालं. मग थोरल्या आत्याची पाळी आली. तिला खबर कोणी दिली, हे विचारण्यात अर्थ नव्हता. मेहुण्याच्या पोटात आजवर पाणीसुद्धा टिकलं नव्हतं.

“तुला मी कडेवर घेऊन वाढवलं रे,” आत्या फोनवर म्हणाली, “आणि तू मला विहिरीत ढकलतोस?”

“आत्या, तू नाहीस ती!”

“मी नाही, तर मग तिला बाहेर काढायला तुझं काय जातं? आणि हे बघ, ती खालची खोली मला नको. ती आधी विरघळते असं ऐकलं. मला वरची दे, गुडघ्यांचं मी बघते.”

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लाल शाईच्या बाटलीचं झाकण लागलं होतं. कोणी मरत नव्हतं. कोणी खोली सोडत नव्हतं. कोणी खोली सोडेना म्हटल्यावर किल्ल्यालाही विरघळायची सोय राहिली नाही, म्हणून त्याला बाहेरून दगड लावून घेतले होते.

शनिवारी प्रकाशक आला. चहाचा कप हातात घेऊन त्याने पहिल्या कागदापासून सातव्यापर्यंत सावकाश फेरी मारली आणि परत पहिल्याशी येऊन थांबला.

“यात होतं काय?”

“सगळे राहतात,” राक्षसवाले म्हणाले.

“सातही खंड?”

“हो. एकोप्याने.”

प्रकाशकाने कप खाली ठेवला. तो माणूस वाईट नव्हता. म्हणूनच त्याने राक्षसवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “थकला आहात तुम्ही. अकरा वर्षं म्हणजे थोडी थोडकी नव्हेत. या वर्षी राहू द्या.”

राक्षसवाल्यांनी मान हलवली. भांडायला जोर नव्हता. मंगळवारी सापडलेलं काहीतरी शनिवारी हरवलं होतं, आणि आता लेबल लावायला बरणीही शिल्लक नव्हती. दारात उभ्या असलेल्या बायकोने ते तोंड पाहिलं, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या तिच्या आईनेही.

“थांबा हो,” सासूबाई आत येत म्हणाल्या. वर्गात शिरावं तशा शिरल्या. “मला मारा.”

“आई!” बायको ओरडली.

“तू गप्प बस. चार महिने तूच फोनवर रडतेस ना, ह्यांना काही सुचत नाही, ह्यांना झोप नाही म्हणून? आणि माणसाला सुचलं, तर आम्ही सगळ्यांनी मिळून दोन दिवसांत त्याचं वाटोळं केलं. त्यात पहिला हात माझा.” त्या जावयाकडे वळल्या. “ते घोडेस्वार परत घ्या. दगडही काढा त्या किल्ल्याचे. मात्र मरेन तर पहिल्या खंडाच्या पहिल्या पानावर मरेन. दुसऱ्यापर्यंत मला ताटकळत ठेवायचं नाही. आणि घसरणारही नाही. मला कोणीतरी मारलेलं असेल.”

“कोणी?” प्रकाशकाने नकळत विचारलं.

“तेच तर सात खंड कोणाला कळता कामा नये! राहतात ना सगळे एका घरात? मग राहू दे. एकेक खोली विरघळू दे आणि प्रत्येकाला वाटू दे की शेजारच्या खोलीतला तो.”

मग राक्षसवाल्यांनी लाल शाईच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि प्रकाशकाने गार झालेला चहा परत उचलून एका घोटात संपवला. दोघं एकदमच बोलायला लागले. “म्हणजे सेनापतीला आधीच संशय...” “आणि आत्याकडे कोठाराच्या किल्ल्या!” तासाभराने प्रकाशक गेला तो जिन्यातही एकटाच बडबडत गेला. जागा पक्की झाली होती.

राक्षसवाले कागदावर वाकून भराभर लिहीत होते. पाचव्या कागदाशी त्यांचा हात थांबला. सहाव्यापाशी त्यांनी डोकं खाजवलं. सातव्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि मग बाहेरच्या खोलीत आले.

“आई, तुम्हाला मारलं कोणी?”

“म्हणजे? तुम्हाला नाही माहीत?”

“नाही ना.”

“मला माहीत आहे,” सासूबाई वर्तमानपत्राची घडी उलगडत म्हणाल्या.

“कोण?”

“आत्ता सांगितलं तर तुम्ही तिसऱ्या खंडातच बोलून बसाल. तुमच्या पोटात राहत नाही, मेहुण्यासारखंच. सातवा लिहायला घ्याल तेव्हा विचारा.”

राक्षसवाल्यांनी खूप विनवण्या केल्या. सासूबाई वाचत राहिल्या. शेवटी ते स्वयंपाकघरात गेले आणि बायकोच्या शेजारी उभं राहून बोटांवर काहीतरी मोजू लागले. एक मालिका, अकरा वर्षं. सासूबाईंचं वय एकाहत्तर.

“अगं,” त्यांनी हळूच विचारलं, “आईंचं ब्लडप्रेशर शेवटचं कधी तपासलं होतं?”