बर्फ पडायच्या आत राजधानी

"संध्याकाळचा चहा व्हायच्या आत बाबांची राजधानी माझ्या ताब्यात असेल!" जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडता उघडता मुकादमाने जाहीर केलं.

समोर वाटाणे सोलत बसलेल्या बायकोने मान वर केली. "अहो, आधी त्या लॅपटॉपची वायर तरी लावा."

मुकादमाने वायर लावली. लावण्यापूर्वी ती पुसली, पुसण्यापूर्वी फडकं झटकलं. त्याचं सगळं असंच होतं. तो घरसामान हलवणाऱ्या कंपनीत मुकादम होता. लोकांची घरं खोक्यांत भरायची, ट्रकवर चढवायची आणि दुसऱ्या घरी जशीच्या तशी उतरवायची हा त्याचा धंदा. त्याच्या हातून आजवर बशीचा टवकाही उडाला नव्हता. पण बशी बांधायला तो इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात घरमालकाचा घर बदलायचा विचार बदलावा!

आणि सासरे? सासऱ्यांनी आयुष्यभर आगीचा बंब चालवला होता. नोकरीतून ते निवृत्त झाले, पण बंब काही त्यांच्या अंगातून उतरला नव्हता. आंघोळीला गेले म्हणेपर्यंत ते अंग पुसून बाहेर! पहिला घास घेतानाच त्यांची नजर हात धुवायच्या बेसिनकडे असायची. त्यांच्या घराला रंग लागत होता म्हणून सासू-सासरे लेकीकडे राहायला आले, आणि पहिल्याच सकाळी जावयाला बुटाची नाडी बांधताना बघून सासऱ्यांनी त्याचं बारसं करून टाकलं.

"काय हो गोगलगाय, निघालात की पोहोचलात?"

घरातल्या घरात हे चाललं असतं तर मुकादमाने गिळलं असतं. पण एकदा तो डबा विसरला, आणि तो घेऊन सासरे थेट गोदामात आले. हमाल, ड्रायव्हर, दोन गिऱ्हाइकं, सगळ्यांसमोर त्यांनी दारातून आरोळी ठोकली, "अहो गोगलगाय, तुमचा डबा!" झालं! त्या दिवसापासून हमाल त्याच्या पाठीमागे हळूहळू चालून दाखवू लागले. काल तर एका बाईंनी फोनवर अगदी आदराने विचारलं, "गोगलगाय मुकादम आहेत का? ते फार जपून सामान नेतात म्हणे." मुकादमाला हे लागलं. रात्री त्याला धड जेवण गेलं नाही. जपून काम करतो म्हणून हे नाव? इतकी वर्षं ज्या गोष्टीचा अभिमान धरला तीच आता थट्टेची झाली होती.

म्हणून हे युद्ध! मागच्या शतकातल्या महायुद्धाचा एक खेळ होता. एका यंत्रावर निळं राज्य, दुसऱ्यावर लाल राज्य, मधे समुद्र. आरमार न्यायचं, रणगाडे उतरवायचे, राजधानी घ्यायची. सासरे लाल राज्य घेऊन आतल्या खोलीत जुन्या संगणकावर बसले होते. मधलं दार लावलेलं.

"करार पुन्हा एकदा सांगा!" आतून आवाज आला.

"बर्फ पडायच्या आत मी राजधानी घेतली," मुकादम ओरडला, "तर तुम्ही उद्या गोदामात येऊन सगळ्यांदेखत माझा मान करायचा, आणि ते नाव पुन्हा कधी घ्यायचं नाही."

"कबूल! आणि नाही घेतलीत तर यापुढे फोन उचलून तुम्ही स्वतःच म्हणायचं, 'गोगलगाय बोलतोय'! चला, भरा जहाजं! घंटा झाली!"

पडद्याच्या कोपऱ्यात 'ऑक्टोबर' अशी अक्षरं उमटली. खेळातला महिना बघता बघता सरायचा आणि डिसेंबर लागला की बर्फ पडायचं. मुकादमाने बाह्या सावरल्या. आज घाई करायची, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

जहाजं भरायची म्हणजे काय, तर ट्रक भरण्यासारखंच! जे शेवटी चढतं ते आधी उतरतं. हे कळल्यावर मुकादमाला हसूच फुटलं. हे तर आपलंच राज्य! त्याने माउस धरला आणि धडाधड तुकड्या जहाजांवर चढवायला सुरुवात केली.

"भरलं का?" आतून आवाज.

"भरतोय!"

"अजून? आमच्या वेळी एवढ्यात आग विझून राख गार झालेली असायची!"

मुकादमाचा हात आणखी जोरात चालू लागला. विचार करायला सवडच नव्हती, हात आपोआप चालत होते. जड ते खाली, हलकं ते वर. झालं! भोंगा वाजला, जहाजं निघाली.

समुद्रात तर त्याने कमालच केली. सासऱ्यांच्या युद्धनौका तोफा डागत सुसाट पुढे आल्या त्या इतक्या सुसाट, की त्याच्या आरमाराला ओलांडून मागच्या रिकाम्या समुद्रात निघून गेल्या! त्या वळेपर्यंत मुकादम लाल किनाऱ्याला लागला होता. राजधानी समोर दिसत होती. किनाऱ्यावर सासऱ्यांचे रणगाडे रांगेने उभे होते, पण आपले रणगाडे धडाधडा उतरले की यांची काय बिशाद!

"बघ!" तो बायकोला म्हणाला. "आता बघ गंमत!"

त्याने 'उतरवा'चं बटण दाबलं.

पहिल्या जहाजाचं दार उघडलं, फळी वाळूवर पडली. आणि तिच्यावरून, खेचरांनी ओढलेलं, धुराडं असलेलं, मागे पातेली टांगलेलं एक फिरतं स्वयंपाकघर डुलत डुलत शत्रूच्या किनाऱ्यावर उतरलं!

मुकादमाने डोळे चोळले. दुसऱ्या जहाजाचं दार उघडलं. दुसरं स्वयंपाकघर! तिसऱ्याचं उघडलं. तिसरं! मग गाद्या आणि तंबू. मग धोब्यांची तुकडी.

"अहो," बायको वाकून बघत म्हणाली, "तुम्ही युद्धाला गॅसची शेगडी आधी नेलीत?"

मुकादमाने कपाळावर हात मारला. इतक्या वर्षांची हाताची सवय! घरसामान भरताना स्वयंपाकघराची खोकी कायम शेवटी चढवायची, म्हणजे नव्या घरी ती आधी उतरतात आणि घरच्यांना निदान चहा मिळतो. या एका युक्तीवर गिऱ्हाइकं त्याच्यावर खूश असत. आज घाईत हातांनी तेच केलं होतं. रणगाडे सगळ्यात तळाशी! कपाटं आणि पलंग असतात तिथे!

"परत चढवा ना!"

"परत चढवता येत नाही! एक एक उतरेल तेव्हाच रणगाडे निघणार!"

इतक्यात सासूबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. मुकादमाने पटकन दोन्ही हात पडद्यावर ठेवले. पण फिरतं स्वयंपाकघर हातामागे लपतंय कुठे? बोटांच्या फटीतून धूर दिसत होता.

"अगंबाई," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "चुली उतरवल्यात वाटतं! बरं केलंत, पोटाचं आधी बघावं." आणि उरलेला कप घेऊन त्या आत गेल्या.

मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. आत सासऱ्यांच्या पडद्यावर नुसती निळी निशाणं दिसत होती, तुकडी कसली ते लांबून कळत नसे. आता कळणार! तो दाराला कान लावून उभा राहिला.

"अहो, ऐकलंत का? जावईबापूंनी किनाऱ्यावर चुली उतरवल्यात."

"काय उतरवलंय?"

"चुली. पातेली आहेत. कपडे वाळत घालायचंही चाललंय."

आत कप खणकन बशीत टेकला. मुकादमाने डोळे मिटले. आता हास्याचा स्फोट होणार, मग तोफांचा, मग 'गोगलगाय बोलतोय'.

"तुला त्याने मुद्दाम दाखवलं!" सासरे गरजले. "वेडी का काय तू! एवढा बावळट माणूस जगात असतो का? युद्धात कुणी चुली उतरवतं? हा देखावा आहे देखावा! आपल्याला इथे गुंतवून खरे रणगाडे तो उत्तरेला उतरवतोय!"

"अहो, पण मी माझ्या डोळ्यांनी..."

"तेच त्याला हवं होतं! चला! सगळे उत्तरेला! रणगाडे, तोफा, पायदळ! राजधानीचे पहारेकरीसुद्धा! घंटा झाली की ठाण्यात माणूस उरता कामा नये!"

बंबाची शिस्त! मुकादम दारापासून टेबलापर्यंत धावत आला. आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीला धडकला. पडद्यावर धुळीचा लोट उठला होता. किनाऱ्यावरची लाल रांग उत्तरेकडे धूम ठोकत होती. सगळे गेले. किनारा मोकळा, राजधानी मोकळी, वेशीवर कुत्रंही नाही!

"अहो, आता घ्या की!" बायकोने वाटाण्यांची परात बाजूला सारली.

"कशाने घेऊ? रणगाडे तळाशी आहेत!"

धोब्यांनंतर लोहार उतरले. लोहारांनंतर बँड. बँडवाले आपापले ढोल उतरवून पुसत बसले. पडद्याच्या कोपऱ्यात 'नोव्हेंबर' संपत आला.

आतून सासऱ्यांचा आवाज आला. "उत्तरेला कुणी नाही! मग दक्षिणेला असणार! वळा! सगळे दक्षिणेला!" मग थोड्या वेळाने, "अगं, हे थांबले का? पेट्रोल संपलं म्हणतोय हा खेळ! पेट्रोल कुणी भरायचं? बंबात पेट्रोल भरायला आमच्याकडे वेगळा माणूस असायचा!"

"बर्फ येतंय!" बायको किंचाळली. खरंच! पडद्यावरच्या डोंगरांची टोकं पांढरी दिसू लागली होती. आणि पहिला रणगाडा अजून बँडच्या मागे अडकलेला! "अहो, जे खाली उतरलंय ते तरी पाठवा! उभे काय राहिलात!"

"स्वयंपाकघर पाठवू? राजधानी घ्यायला?"

"तुमचा निळा झेंडा आहे ना त्याच्यावर? मग पाठवा!"

मुकादमाने बटण दाबलं. खेचरांनी कान हलवले. पातेली खणखणली. आणि धूर सोडत, वाटेत प्रत्येक चढावर दम खात, फिरतं स्वयंपाकघर लाल राज्याच्या राजधानीकडे निघालं. मुकादम टेबलाला धरून उभा होता. "चल माझ्या राजा, चल!" असं तो कुणाला म्हणत होता, आचाऱ्याला की खेचराला, हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. बायकोने त्याचा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. खेचर वेशीत शिरलं. चौकात थांबलं. आणि आचाऱ्याने खाली उतरून राजवाड्याच्या पायरीवर झेंडा रोवला!

दोन्ही खोल्यांत एकदमच तुतारी वाजली. दोन्ही पडद्यांवर मोठ्या अक्षरांत आलं: राजधानी पडली. विजयी तुकडी: फिरतं स्वयंपाकघर.

मग बर्फ पडायला लागलं.

"घेतली!" मुकादम उडीच मारून ओरडला. "बाबा, घेतली राजधानी!"

आतलं दार उघडलं. सासरे चौकटीत उभे होते. चेहरा पार पडलेला. ते सावकाश, हो, सावकाश चालत आले आणि त्यांनी लॅपटॉपचा पडदा निरखून बघितला.

"म्हणजे त्या खरोखरच्या चुली होत्या?"

"हो, बाबा."

"देखावा नव्हता?"

"नाही, बाबा. चुकून..."

सासऱ्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. "कसंही असो. मी शब्दाचा माणूस आहे. उद्या सकाळी येतो गोदामात."

त्या रात्री मुकादम पोटभर जेवला आणि गाढ झोपला.

सासरे खरोखर शब्दाचे पक्के निघाले. सकाळी गोदामाचं दार उघडतंय तोच ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून हजर! एका खोक्यावर ते उभे राहिले. हमाल, ड्रायव्हर, गिऱ्हाइकं, खुद्द मालक, सगळे गोळा झाले. सासऱ्यांनी हात जोडले.

"मंडळी, मी माझ्या जावयाला एक नाव ठेवलं होतं. ते मी आज सगळ्यांदेखत मागे घेतो. ते पुन्हा माझ्या तोंडून ऐकू येणार नाही आणि तुमच्याही येता कामा नये! हा माणूस विजेसारखा चपळ आहे!"

टाळ्या पडल्या. मुकादमाने शर्टाची कॉलर सारखी केली. त्याने मालकाकडे बघितलं, मालक मान डोलावत होते. सासऱ्यांनी इथेच खाली उतरायला हवं होतं. पण ते मनापासून बोलत होते आणि मनापासून बोलणारा माणूस कुठे थांबतो?

"आता या माणसाने माझी राजधानी कशी घेतली, ते ऐका! पहिल्यापासून सांगतो!"

त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. चुली सांगितल्या, पातेली सांगितली, धोबी सांगितले. खेचर कसं चालत आलं ते खोक्यावर चालून दाखवलं. हमाल आधी तोंड दाबून हसले, मग पोट धरून, मग खोक्यांवर आडवे पडून! मालकांनी चष्मा काढून डोळे पुसले. जावयाचा मान करावा तो आपल्या सासऱ्यांनीच!

गोदामात ते जुनं नाव त्यानंतर कुणी म्हणजे कुणी घेतलं नाही. करार अगदी काटेकोर पाळला गेला. दुपारी मुकादम एका आरशाला गोधडी गुंडाळत होता, एक कोपरा झाला होता, दुसरा चालू होता, तेवढ्यात ट्रकवरून ड्रायव्हरने हाक मारली.

"अहो आचारी!"

आणि आयुष्यात पहिल्यांदाच मुकादमाने चटकन 'ओ' दिली.