कोकरे आप्पांचा अभ्यास

कोकरे आप्पा चहाचा कप हातात घेतला, की आधी चौकशी करत.

"दूध कुठनं आलं?"

"डेअरीतनं," माझी बायको सांगायची.

"डेअरीत कुठनं?"

"गवळ्याकडनं."

"आन् गवळ्याकडं?"

"म्हशीकडनं, आप्पा. चहा निवतोय."

आप्पा समाधानानं मान हलवत. "ह्यालाच चेन म्हंत्यात, सूनबाई." मग निवलेला चहा एका घोटात पिऊन टाकत.

दौंडला आम्ही शेजारी. आप्पा शिरूरकडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. पन्नाशी जवळ आली तेव्हा त्यांनी पुण्याच्या एका कॉलेजात सप्लाय चेन मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. कच्चा माल कुठून निघतो, कुठं साठतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात कधी पडतो, याचा तो अभ्यास. वर्ग रविवारी सकाळी. माझ्या कंपनीनं मलाही तिथंच पाठवलं होतं, त्यामुळं पॅसेंजरला आमची जोडी ठरलेली.

शिकलेलं आप्पा लगेच वापरायचे. घरात जादा साखर-तेल भरणं त्यांनी बंद केलं. "साठा म्हंजी अडकून पडलेला माल." मग पाहुणे आले, की आप्पांच्या घरच्या काकी वाटी घेऊन आमच्या दारात. "आमच्या घरची चेन तुमच्या डब्यातनं जाती गं," त्या माझ्या बायकोला म्हणायच्या.

पुतणीच्या लग्नात जेवणाची व्यवस्था आप्पांकडं आली. "गिऱ्हाईक मागंल तवाच माल सोडायचा," असं त्यांनी वाढप्यांना बजावलं. आता पंगतीत बसून तोंडानं भात मागणारा वरपक्ष कुणी पाहिलाय? सगळी पंगत रिकाम्या पत्रावळीकडं बघत बसली. शेवटी नवरदेवाचे मामा उठून मांडवाबाहेर गेले. त्यांना हाताला धरून परत आणताना आप्पा मला हळूच म्हणाले, "मागणीचा अंदाज चुकला."

प्रोजेक्टसाठीही आम्ही दोघं एकत्र होतो. विषय आप्पांनीच सुचवला, मांडवगण फराट्याचा कांदा पुण्याच्या बाजारात कसा पोचतो. "तिथं माझी लेक सुरेखा दिलीया. वर्ग सुटला की मी तिकडंच जातो. तुम्ही बी चला."

त्या रविवारी जाताना गाडीत आप्पांनी मला एक धडा समजावून सांगितला. गिऱ्हाइकाची मागणी जराशी हलली, तरी मागं कारखान्यापर्यंत तिचा गोंधळ कसा वाढत जातो, याचा. वर्गात मला न समजलेला तो धडा त्यांच्या तोंडून अगदी सहज समजला.

दुपारी सुरेखाच्या ओसरीवर बसल्यावर त्यांनी त्याच धड्याची झेरॉक्स काढली. "सुरेखा, ह्यातलं मला कायच कळंना बघ."

मी चकित होऊन त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझी नजर टाळली.

सुरेखानं पिठाचे हात पुसले, पानं घेतली आणि मन लावून वाचली. मग सांगायला लागली. "समजा, दुकानदाराला वाटलं साखर कमी पडंल. तो जरा जास्त मागवतो. त्याच्या मागचा व्यापारी त्याहून जास्त…" बोलता बोलता तिचा आवाज मोकळा झाला. आप्पा मुद्दाम उलटेसुलटे प्रश्न विचारत होते. ती वैतागायची, "आप्पा, असं न्हाई हो," आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची. दारातून तिची सासू मला म्हणाली, "इवायांच्या डोक्यात काय शिरत न्हाई. पन येत्यात बिचारे."

जावयाबरोबर आप्पा कांदा साठवायची चाळ बघायला गेले, तेव्हा सुरेखानं विचारलं, "भाऊ, आप्पांना हे सगळं येतंय ना?"

मी चाळीच्या वाटेकडं बघितलं.

"मला ठाव हाय," ती पानं नीट जुळवत म्हणाली. "पन त्यांना सांगू नका. यायचे थांबतील."

परतीच्या एसटीत आप्पा खुशीत होते. "आज चांगलं समजावलं ना पोरीनं?"

"फार चांगलं."

मग ते खिडकीकडं तोंड करून बोलले. "ह्याच कोर्सला तिचा नंबर लागला व्हता. मी जाऊ दिलं न्हाई. स्थळ चांगलं आलं व्हतं. म्हणलं, शिक्षन काय पळून जातंय का."



आम्ही दोघंही पास झालो. मला बढती मिळाली, आप्पा स्टोअरमध्येच राहिले. सुरेखाला शिकायला पाठवता का, म्हणून त्यांनी एकदा व्याह्यांना विचारलं होतं. "आता? पोरं कुनी सांभाळायची?" म्हणून व्याही हसले. आप्पाही हसले, जरा उशिरानं.

त्यानंतर काही दिवसांनी आप्पांनी आणखी एका कोर्सला नाव घातलं. कारखान्यात सगळ्यांनी चेष्टा केली. काकींनी तर डोक्याला हात लावला.

"आता कसला कोर्स, आप्पा?" मी विचारलं.

"नाव जरा अवघड हाय," ते म्हणाले. "रविवारी सुरेखाला इचारतो."