तिकोणा पेठेच्या धनेशाची मोहीम

पवनाकाठची समस्त रयत, दोनपायी, चौपायी आणि पंखवाली, हीस कळावें ऐसें कीं, तिकोणा पेठेस गडाचे पायथ्याशीं चहा-भज्यांचें दुकान राखून असलेले राजमान्य रज्जाकभाई मुलाणी यांहीं आपला वडिलार्जित डोंगरउतार रानपाखरांस बक्षीस देण्याचा इरादा केला, त्या मोहिमेची हकिकत येथें लिहिली असे.

सदर उतारावर एक जुनाट उंबर, त्याचे ढोलींत दरसाल धनेशाची मादी अंडीं घालावयास शिरे, आणि चिखलानें दार लिंपून आंत किल्लेबंद होई, मग नर बाहेरून फटींतून रसद पोंचवी. हा बंदोबस्त आठवतां आठवतां रज्जाकभाई कढईंतलीं भजीं करपवीत. परंतु सातबाऱ्यावर दुसरें नांव बेगम नजमाबी यांचें, आणि त्यांची मसलत निराळी, कीं झाडी तोडावी आणि पाहुण्यांस खोल्या बांधाव्या. निसर्गसंस्थेच्या चैतालीताई बक्षीसपत्राचा मसुदा घेऊन वकिलीस आल्या, त्यांस बेगमसाहेबांनीं चहा पाजून रिकाम्या हातीं परत धाडिलें. मग रज्जाकभाईंनीं आर्जवें केलीं, आणि रुसवा धरिला, आणि अन्नत्याग पुकारिला. परंतु हें शेवटलें हत्यार दुपारींच म्यान जाहलें, कां कीं घरीं मटण शिजलें होतें.

निरुपायें त्यांहीं अर्ज गुजारिला, "येकडाव वर येऊन बघ. मंग तू म्हनशील त्ये मान्य." बोलून गेले खरे, परंतु हरलों तर उंबर गेला, हें मागाहून ध्यानीं आलें.

नजमाबी गुडघ्यांस शिव्या देत चढल्या, आणि झाडासमोर दगडावर बैसल्या. नर आला, पिकलें फळ फटींत दिलें, गेला. पुन्हां आला, पुन्हां गेला. बेगमसाहेब प्रत्येक खेप बोटांवर मोजीत राहिल्या. मग फर्मान सुटलें:

"बघा जरा. इरफानच्या बाळंतपनाला तुमी कंदी येक केळं तरी आनलंत का?"

"न्हाई," ऐसें रज्जाकभाईंनीं खालमानेनें कबूल केलें.

"मंग ह्याचं घर म्या मोडनार न्हाई. बलवा त्या ताईला."

बक्षीसपत्र नोंदवितेवेळीं कचेरींत अंमलदारांनीं, राजीखुशीनें देतां काय, ऐसें पुसलें. रज्जाकभाई तोंड उघडितात तों बेगम वदल्या, "व्हय. पन तितं कुनी पिकनिकवाल्यानं स्पीकर लावला, तर माज्याशी गाठ हाय."

पुढील उन्हाळ्यांत रज्जाकभाई मोठ्या हौसेनें वर गेले, तों वाटेवर नजमाबी काठी टेकून चौकीस उभ्या.

"पिल्लं भाईर पडस्तवर कुनी म्होरं जायाचं न्हाई. तुमी बी."

येणेंप्रमाणें डोंगर पाखरांचा जाहला, बेगमसाहेब किल्लेदार जाहल्या, आणि मूळ मालकास त्याचेच मुलखांत मज्जाव जाहला. आणि रज्जाकभाई मुजरा करून माघारी फिरले, ते जन्मांत कधीं नव्हते इतके खूष होऊन. मोहीम फत्ते.