शुक्रवारचं मटण

वसंतरावांनी मटणासाठी शुक्रवार नक्की केला तो विचार करूनच. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मधला दिवस मोकळा.

बायको शैला वारली तेव्हा दक्षिणेतल्या वेलचेरीच्या त्यांच्या इमारतीतल्या तीन शेजाऱ्यांनी महिनाभर त्यांना आळीपाळीने जेवू घातलं होतं. तिघेही ख्रिश्चन. त्यांना एकदा आपल्या हातचं पोटभर वाढल्याशिवाय वसंतरावांना स्वतःचा घास गोड लागेना.

तीन किलो मटण शिजलं. पहिलं ताट शैलाच्या फोटोपुढे ठेवून त्यांनी पाहुण्यांना वाढलं. पण कोणी हात लावेना.

"सार, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस चालू आहेत," तळमजल्यावरचे आरोक्यसामी अवघडून म्हणाले. "आम्हा कॅथलिकांना त्यातल्या शुक्रवारी मटण चालत नाही."

"मग कुरियाकोस, तुम्ही घ्या."

"आम्ही ऑर्थोडॉक्स. आमचा उपास पन्नास दिवसांचा. मटण, मासे, अंडी, दूध, सगळं बंद."

"जेबराज, तुम्ही तरी?"

"आम्ही पेंटेकोस्ट पंथाचे, अंकल. आम्हाला हा उपास नाही."

वसंतरावांनी आनंदाने पळी उचलली.

"पण फोटोला नैवेद्य दाखवलेलं अन्न चालत नाही," जेबराज म्हणाले.

पळी पातेल्यात पडली. "अहो, तुमचा देव एकच ना?"

"एकच!" तिघे एका सुरात म्हणाले.

"मग फाटलं कधी?"

"सन चारशे एक्कावन्न," कुरियाकोस म्हणाले. "काल्सेदनची धर्मपरिषद. ख्रिस्ताचं स्वरूप एक की दोन, यावरून."

"दोन," आरोक्यसामी म्हणाले. "एक देवाचं, एक माणसाचं."

"एकच! दोन्ही मिळून एक!"

"आधी बायबलमध्ये कुठे लिहिलंय ते दाखवा," जेबराज म्हणाले.

"दीड हजार वर्षं?" वसंतराव थक्क झाले. "आमच्या भाऊबंदांचा दावासुद्धा तिसऱ्या पिढीत मिटला!"

आवाज चढले. आरोक्यसामी चपला शोधू लागले. आता हे तिघे आपल्या घरून उपाशी जाणार, हे वसंतरावांना दिसलं.

"बसा खाली! कोणी उठायचं नाही!"

त्यांनी बेसनाचा डबा काढला. कांदा, लसूण, मिरची, तेल, पाणी. दूध नाही, तूप नाही. वीस मिनिटांत ताजा भात उतरला, कढईभर पिठलं रटरटू लागलं. फोटोकडे पाठ करून ते पुटपुटले, "शैला, आज तू मागून जेव." आणि कढईतून थेट पाहुण्यांच्या नव्या ताटांत, भातावर वाढलं.

तिघेही जेवू लागले. मग आरोक्यसामींनी दुसऱ्यांदा भात मागितला, जेबराजांनी तिसऱ्यांदा. कुरियाकोस बोटं चाटत म्हणाले, "फर्स्ट क्लास! फक्त थोडं घट्ट हवं होतं."

"छे! भाताशी पातळच पाहिजे," आरोक्यसामी म्हणाले.

"घट्ट!"

"पातळ! सार, तुम्हीच सांगा."

जेबराज दोघांना बाजूला सारून कढई खरवडत होते.

वसंतराव कमरेवर हात ठेवून ऐकत राहिले. भांडण त्यांच्या हातच्या जेवणावरून पेटलं होतं.

"पुढच्या शुक्रवारी दोन कढया चढवतो," ते ऐटीत म्हणाले. "परिषद इथंच भरेल."