द्वारकाआत्याचं न गायलेलं गाणं

एका जंगलात, बाळांनो, विलोचन नावाचा एक सरडा सिनेमे काढायचा. साधेसुधे नाही, प्रायोगिक. म्हणजे ज्यात काय चाललंय हे विचारायची सोय नसते, तसले. त्याचा एक डोळा समोरच्यावर असे आणि दुसरा स्वतःवर. सरड्यांना ते जमतं.

त्याच जंगलात द्वारकाआत्या नावाची म्हातारी कासवीण होती. पूर्वी मोहाची फुलं पडू लागली की सगळे प्राणी मिळून एक गाणं म्हणायचे. त्यात अस्वलाची एक ओळ, भेकराची एक, अगदी रानडुकराचीसुद्धा एक. आता ज्याला त्याला फार तर आपापलीच ओळ यायची. अख्खं गाणं एकट्या आत्याला पाठ होतं. पण हल्ली तिलाही मधूनच एखादी ओळ सापडेनाशी व्हायची. तिला फार भीती वाटायची.

म्हणून सरडा कॅमेरा घेऊन दारात आला तेव्हा ती हरखलीच. मान लांब करून तिनं सूर लावला.

"थांबा, थांबा!" सरडा म्हणाला. "गाऊ नका, आत्या. ते फार सरळ होतं. मला तुमच्या आत दडलेलं गाणं हवंय."

"अरे बाबा, आत काही दडलेलं नाही. जे आहे ते तोंडावर आहे. घे की!"

सरडा नुसता हसला आणि संध्याकाळपर्यंत तिच्या मानेच्या सुरकुत्या टिपत बसला. निघताना त्यानं शब्द घेतला, की सिनेमा लागेपर्यंत हे गाणं कुणालाही ऐकवायचं नाही. नावीन्य जातं म्हणे! मला विचाराल तर तेव्हाच कुणीतरी त्याचा कॅमेरा ओढ्यात टाकायला हवा होता. पण जंगलात सगळे सुसंस्कृत होते.

मोह फुलला. भेकराचं पाडस आत्याकडे आलं.

"आत्या, मला शिकव ना गं गाणं."

"सिनेमा लागू दे, बाळा. शब्द दिलाय मी."

सिनेमा परदेशी जंगलांतून फिरत होता. मोह गळला, पुन्हा फुलला. आत्या गप्पच राहिली.

अखेर वाघाच्या कड्याखाली सिनेमा लागला. पडद्यावर तासभर एकच सुरकुती होती. रानडुक्कर घोरलं, पण विचारपूर्वक. धनेश पक्षी समीक्षक होता. तो गहिवरून म्हणाला, "न गायलेलं गाणं मला स्पष्ट ऐकू आलं!" मग ते सगळ्यांनाच ऐकू आलं.

पाडस पुढे धावलं. "आत्या, आता तरी गा!"

आत्या पुढे आली. तिनं तोंड उघडलं. पहिली ओळच येईना. अस्वलानं आपली ओळ सांगून पाहिली, पण ती कुठे बसते हेच आत्याला आठवेना. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

सगळं जंगल उठून उभं राहिलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"दुसरा भागही आहे वाटतं," वाघ कौतुकानं म्हणाला.

सरड्यानं घाईघाईनं कॅमेरा लावला. "अप्रतिम!" तो कुजबुजला. "आत्या, अश्शाच राहा. डोळे पुसू नका."

तात्पर्य: बाळांनो, आपली संस्कृती जपायची असेल तर ती कुणाला गाऊ देऊ नये. गायली की ती पोरांना पाठ होते. आणि एकदा पोरांना पाठ झाली, की मग तिच्यावर सिनेमा काय कपाळ काढणार?