ताटली माशांची पंगत

जेवणारे दोन प्रकारचे असतात. एक, जे ताटात काय आहे ते बघून मग खातात. आणि दुसरे, जे खाऊन झाल्यावर शेजारच्या ताटात काय आहे ते बघतात. पहिल्यांना सभ्य म्हणतात आणि त्यांची प्रकृती बहुधा तोळामासा असते. हे सत्य ठाण्याच्या लोकांना रेल्वे आल्यानंतर वीसपंचवीस वर्षांनी कळलं, आणि कळल्याबरोबर त्यावर कमिटी नेमण्यात आली.

झालं असं, की कलेक्टरसाहेब रजेवर विलायतेला निघाले आणि जाताना आपला काचेचा हौद गावच्या वाचनालयाला ठेवायला देऊन गेले. हौदात कुठल्याशा लांबच्या नदीतले, बोटीने आणवलेले तीन मासे होते. गोल, चपटे, अंगावर निळ्या रेघा. लोकांनी त्यांना ‘ताटली मासे’ म्हणायला सुरुवात केली. एवढ्या मोठ्या हौदात तीनच मासे बरे दिसत नाहीत म्हणून (आणि परक्यांना सोबत हवी, या थोर विचाराने) वाचनालयाच्या चिटणिसांनी मासुंदा तलावातले बारीक रुपेरी मासे बादलीभर आणून त्यात सोडले. या आदरातिथ्याचं गावात फार कौतुक झालं.

हौदाची जबाबदारी कचेरीतले कारकून गोपीनाथराव यांच्यावर आली. “मी परत येईन तेव्हा मासे असेच गुबगुबीत दिसले पाहिजेत,” असं साहेब म्हणाले होते. दिसले नाहीत तर काय, ते शिरस्तेदारांनी समजावून सांगितलं: खडवलीला बदली. खडवलीला त्या काळी स्टेशन होतं की नव्हतं याबद्दल जुन्या माणसांत वाद आहे, पण नाटकमंडळी येत नसे याबद्दल एकमत आहे. गोपीनाथरावांचा नाटकावर जीव. 

ते रोज सकाळी कोळंबीचा चुरा हौदात टाकीत. रुपेरी मासे झडप घालून तो फस्त करीत. ताटली मासे सावकाश वळत, चुऱ्याकडे बघत, मनाशी काही विचार करत, आणि तोंड उघडीपर्यंत समोर नुसतं पाणी उरलेलं असे. थोड्याच दिवसांत त्यांची पोटं आत गेली.

“अहो, उरतं का त्यांना काही?” गोपीनाथरावांच्या पत्नी कलावतीबाईंनी ताक वाढता वाढता विचारलं.

“अगं, उरण्याचा प्रश्न नाही. त्यांना मुळात भूकच नसते,” गोपीनाथराव म्हणाले, आणि आणखी भात मागितला. बायकांना राज्यकारभारातलं काय कळणार, असं वाटून त्यांना जरा हसूही आलं.

मासे वाळत चालले तशी वाचनालयाने कमिटी नेमली, ती सर्व मतांची. शाकाहारी सभासद म्हणाले, मासे खाणाऱ्यांचा यात स्वार्थ आहे, त्यांना मत नसावं. मासे खाणारे म्हणाले, शाकाहाऱ्यांना या विषयाचा अनुभव नाही, त्यांना तोंड नसावं. शेवटी दोन्ही बाजूंना मत, तोंड आणि बैठकीनंतर फराळ असं ठरून गाडी पुढे सरकली.

पहिला उपाय हरिहरशास्त्री वैद्यांचा. त्यांनी काचेतून ताटली माशांचे डोळे पाहिले, मंदाग्नीचं निदान केलं आणि भूक वाढवणारं चूर्ण दिलं. चूर्ण रुपेरी माशांनी खाल्लं. त्यांची भूक वाढली. औषधाला गुण आहे, अशी कमिटीची खात्री पटली.

दुसरा उपाय घंटेचा. ताटली माशांना घंटा वाजवून बोलवावं आणि मग वाढावं. घंटेचा अर्थ रुपेरी माशांना पहिल्याच दिवशी कळला. ताटली मासे अजून तिचा विचार करीत होते.

मग गोपीनाथरावांना एक साधीसुधी युक्ती सुचली. हौदाच्या मधोमध बांबूची चिक सोडायची, ताटल्या एकीकडे घ्यायच्या, आणि त्यांना आधी, निवांत खाऊ द्यायचं. त्यांनी ती भीत भीत कमिटीपुढे मांडली. तेव्हा कल्याणहून मुद्दाम बोलावलेले अण्णा ताडकन उठून बसले. अण्णा म्हणजे पंगतीतला अखेरचा शब्द. अक्षता, मुंजी, बारशी, कुठेही पंगत बसली की अण्णा मधून फिरणार, आणि मीठ ताटाच्या उजवीकडे पडलं तर वाढप्याची धडगत नाही.

“शिव शिव! एका पंगतीला पडदा?” अण्णा कडाडले. “एकाला आधी, एकाला मागून? हा उघड उघड पंक्तिप्रपंच झाला, गोपीनाथ! वाढायचं ते सर्वांना, सारखं आणि एकाच वेळी.”

“पण अण्णा, एकाच वेळी वाढलं की त्यांना मिळत नाही.”

“मिळत नाही तो त्यांचा दोष. वाढलं नाही तर तो आपला.”

एवढा न्याय गावाने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. ठराव टाळ्यांत मंजूर झाला. फराळाला त्या दिवशी चिरोटे होते. गोपीनाथराव सर्वांचे आभार मानून वळेपर्यंत ताट रिकामं झालं होतं.

ताटली मासे मात्र कडेने बघितले तर दिसेनासे व्हायला लागले. तशात तार आली: साहेबांची बोट निघाली, महिन्याभरात मुंबईला लागेल. गोपीनाथरावांना झोपेत खडवली दिसू लागली. शेवटी त्यांनी धीर केला, आणि कमिटी पुढच्या बैठकीच्या मुहूर्तासाठी पंचांग बघण्यात गुंतली असताना गुपचूप हौदात चिक सोडली. ताटल्यांना आधी वाढलं. त्या सावकाश वळल्या, विचार केला आणि खाल्लं. रोज खाल्लं. साहेब आले तेव्हा मासे टुमटुमीत गोल होते, रेघा झगझगत होत्या. साहेबांनी गोपीनाथरावांचा हात हातात घेऊन हलवला. खडवली टळली! गोपीनाथरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

त्या यशाचं श्रेय कमिटीने घेतलं, हे सांगायला नकोच. आनंदाप्रीत्यर्थ गोपीनाथरावांच्या घरी कमिटीला जेवण झालं. अण्णांनी मीठ तपासलं. गोपीनाथरावांनी छोटंसं भाषण केलं: “सज्जनहो, सावकाश खाणाऱ्याला आधी वाढावं. मागाहून वाढलेलं, वाढलेलंच नसतं.” सगळ्यांच्या माना डोलल्या. “वा! काय बोललास!” अण्णा म्हणाले, आणि चौथ्यांदा बासुंदी मागितली. नाही म्हणायची या घरात पद्धत नव्हती.

पाहुणे विडे घेऊन ओसरीवर गेले. कलावतीबाई आणि सासूबाई आता पानावर बसल्या. पातेल्याच्या तळाला पळी लागल्याचा आवाज ओसरीपर्यंत आला. हात धुवायला आत गेलेल्या गोपीनाथरावांना दिव्याच्या उजेडात पत्नी एकदम बारीक दिसली. बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. त्यांचा जीव खरंच कळवळला. माणूस वाईट नव्हताच.

“अगं, किती रोडावलीस! जेवत का नाहीस नीट?”

“जेवते की,” कलावतीबाई म्हणाल्या, आणि ताकात पाणी घातलं.

दुसऱ्याच दिवशी गोपीनाथरावांनी हरिहरशास्त्र्यांना घरी आणलं. शास्त्र्यांनी नाडी पाहिली, मंदाग्नीचं निदान केलं आणि तेच चूर्ण दिलं. चूर्ण कडू नव्हतं, जेवणाआधी घ्यायचं होतं, आणि त्याने गोपीनाथरावांना भूक फार छान लागू लागली.

वाचकांना इथे त्यांचा राग आला असेल, किंवा निदान हसू. येऊ द्या, त्याने पचनाला मदत होते. ही गोष्ट हातात घेतलीत म्हणजे तुमचं जेवण झालेलं आहे, हे उघडच आहे. सावकाश वाचा, घाई नाही. स्वयंपाकघरातून पळी खरवडल्याचा आवाज येतोय तो तुमच्याच घरातला आहे, आणि आतल्यांचं पानावर बसायचं अजून राहिलंय.